खाणीतली लग्ने आणि रंगभूमी

१९०७ च्या जानेवारीत ट्रान्सवाल सरकारने दोन अधिकाऱ्यांवर एक गोपनीय चौकशी सोपवली. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींवर काम करणारे आफ्रिकी मजूर ज्या वसाहतींत राहत होते, तिथे पुरुषापुरुषांत 'अनैसर्गिक दुराचार' चालतो का, आणि चालत असल्यास किती, हे त्यांना शोधायचे होते. लिअरी आणि टॅबरर या अधिकाऱ्यांनी साक्षी नोंदवल्या. ही गोष्ट बहुतेक साक्षीदारांना ठाऊक होती. मतभेद होता तो तिच्या प्रमाणाबद्दल आणि ती कोणत्या जमातीने आणली याबद्दल. चौकशीतून पुढे आलेल्या उपायांत एक उपाय असा होता की, मजुरांनी आपापल्या झोपण्याच्या जागेभोवती टांगलेले पडदे काढून टाकावेत.

हा उपाय नाटकाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याला आपण आज 'दडलेला इतिहास' म्हणतो तो एका कापडी पडद्याच्या आड होता. तो पडदा कोणी टांगला आहे आणि कशासाठी, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते, आणि सरकारलाही माहीत होते. अशा विषयांवर नाटक किंवा चित्रपट आला की 'दडलेला इतिहास उजेडात आणला' असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. खाणीतल्या लग्नांच्या बाबतीत हा शब्द तपासून घ्यायला हवा. पडदा बाजूला सारून आत काय चालते ते दाखवणे हे काम १९०७ साली सरकारी अधिकारी करू पाहत होते. रंगभूमीने तेच काम पुन्हा करायचे, की तिचे काम वेगळे आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

१

विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत १८८६ साली सोने सापडले. हे सोने खोलवर होते आणि खडकात त्याचे प्रमाण कमी होते. त्यामुळे ते काढायला प्रचंड भांडवल आणि अतिशय स्वस्त मजुरी लागत होती. सोन्याचा भाव जागतिक बाजारात ठरलेला होता. तेव्हा खर्च कमी करायचा तर तो मजुरीतच करता येत होता. त्यासाठी खाणमालकांनी एकत्र येऊन भरतीची यंत्रणा उभी केली. पोर्तुगीज अमलाखालच्या मोझांबिकमधून, तसेच बसुटोलँड, पोंडोलँड आणि न्यासालँडमधून तरुण पुरुष ठरावीक मुदतीच्या करारावर आणले जात आणि मुदत संपल्यावर परत पाठवले जात. शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत निम्म्याहून अधिक मजूर मोझांबिकचे होते. १९१० च्या सुमारास खाणींवरच्या आफ्रिकी मजुरांची संख्या दोन लाखांच्या आसपास गेली होती.

त्यांना राहायला 'कंपाउंड' असे. मधे मोकळे अंगण, चारी बाजूंनी खोल्या, एक दरवाजा आणि त्यावर पहारा. एकेका खोलीत वीस, तीस, कधी त्याहून अधिक माणसे भिंतीला लागून बांधलेल्या दुमजली फळ्यांवर किंवा सिमेंटच्या ओट्यांवर झोपत. बायकामुलांना आणायची परवानगी नव्हती. ही उणीव नजरचुकीने राहिलेली नव्हती. कुटुंब गावी राहिले की त्याच्या पोटापाण्याचा भार गावच्या शेतीवर पडतो आणि एकट्या पुरुषापुरतीच मजुरी देऊन खाणीचे भागते. या व्यवस्थेचा हिशेबच तसा होता.

याच खोल्यांत खाणीतली लग्ने लागली. मोझांबिकमधल्या त्सोंगा मजुरांत धाकट्या जोडीदाराला 'न्कोन्त्शाना' म्हणत. भाषेनुसार उच्चार आणि लेखन बदलते. थोरला पुरुष हा 'नवरा'. तो बहुधा अनुभवी असे, काही वेळा टोळीचा मुकादम असे. धाकटा नुकताच आलेला, दाढी न फुटलेला पोरगा. धाकट्याने कपडे धुवायचे, खोली झाडायची, जेवण आणि चहा करायचा, अंघोळीचे पाणी काढायचे. थोरल्याने त्याला पैसे द्यायचे, कपडे, ब्लँकेट, कधी सायकल घेऊन द्यायची, आणि जमिनीखालच्या कामात सांभाळून घ्यायचे. शरीरसंबंधाचीही ठरलेली रीत होती. गावाकडे अविवाहित मुलामुलींना मांड्यांमधला, गर्भ न राहू देणारा संबंध मुभेचा असे. बहुतेक वर्णनांनुसार तीच रीत इथे चाले. या सगळ्या नियमांना खाणीत 'सोकिसीचा कायदा' असे नावही होते.

लग्न लपूनछपून लागत नसे. मेजवानी होई, नाच होई. 'फिलेमोन' या बदललेल्या नावाने बोललेल्या एका जुन्या त्सोंगा कामगाराने १९८० च्या दशकात दिलेली मुलाखत प्रसिद्ध आहे. कापडाचे तुकडे शिवून केलेली छाती बांधून संध्याकाळी नवऱ्याबरोबर नाचणाऱ्या धाकट्यांचे आणि गिटार वाजवणाऱ्या सोबत्यांचे वर्णन त्यात येते. ते बोलणे कबुलीजबाबाच्या सुरातले नाही. एखाद्या जत्रेची आठवण सांगावी तसे ते आहे.

पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. ही अवस्था कायमची नव्हती. दोन-तीन करार पुरे झाले, अंगात बळ आले, दाढी फुटली की धाकटा 'बायको' राहत नसे. मिळालेल्या पैशातून त्याने गावी लोबोला, म्हणजे वधूमूल्य, जमवलेले असे. त्यातून तो खऱ्या बाईशी लग्न करी. पुन्हा खाणीवर आला की स्वतः एखाद्या पोराचा नवरा होई. एकाच माणसाच्या आयुष्यात बायको, नवरा, बाप आणि कुळाचा कर्ता ही नाती एकामागून एक येत, कधी एकाच वेळी असत.

२

हे आपल्याला कळते ते तीन प्रकारच्या कागदांतून, आणि प्रत्येक कागदावर विचारणाऱ्याचा हात दिसतो.

पहिला कागद सरकारी. १९०७ च्या चौकशीमागे एक राजकीय भानगड होती. १९०४ पासून खाणींवर साठ हजारांहून अधिक चिनी मजूर करारावर आणले गेले होते. त्यांच्यातल्या अशाच 'दुराचारा'ची १९०६ साली बकनिल यांनी चौकशी केली, आणि हा विषय लंडनच्या राजकारणात पोहोचला. मग आफ्रिकी मजुरांचे काय, असा प्रश्न मिशनऱ्यांनी लावून धरला. अधिकाऱ्यांना दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या. दुर्लक्ष केले तर बदनामी होणार होती आणि कडक कारवाई केली तर मजूर बिथरणार होते. म्हणून पडदे काढण्यासारखे वरवरचे उपाय सुचवले गेले, आणि दगडी भिंत व बंद दरवाजा होता तिथेच राहिला.

दुसरा कागद मिशनरी. स्विस मिशनचे आंरी-अलेक्सांद्र जुनो यांनी त्सोंगा समाजावर लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ १९१२-१३ मध्ये निघाला. मानववंशशास्त्रात तो आजही मानाने वाचला जातो. कंपाउंडमधल्या या प्रथेची नोंद त्यांनी मुख्य ग्रंथात न घेता शेवटच्या टिपणांत घेतली. लग्न, मृत्यू, शेती, कुळाचार यांना प्रकरणे मिळाली आणि याला परिशिष्ट मिळाले. लेखकाने एखादी गोष्ट कुठे ठेवली यावरूनही बरेच कळते. जुनो यांच्या दृष्टीने खाणीतले लग्न हा त्सोंगा जीवनाचा भाग नव्हता, शहराने लावलेला रोग होता.

तिसरा कागद म्हणजे तोंडी आठवणी. टी. डनबार मूडी यांनी व्हिव्हियन न्दात्शे आणि ब्रिटिश सिबुई यांच्यासह १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या विषयाला अभ्यासात जागा मिळवून दिली. न्दात्शे यांनी पोंडोलँडमधल्या निवृत्त कामगारांशी आणि त्यांच्या बायकांशी बोलणी केली. फिलेमोनची मुलाखत सिबुई यांनी घेतली. इथे पहिल्यांदा 'हे चालते का?' याऐवजी 'तुम्ही कसे राहत होता?' असा प्रश्न विचारला गेला.

त्यानंतर लगेच वाद सुरू झाला. पॅट्रिक हॅरीस यांनी १९९० मध्ये या लग्नांकडे मजुरांनी खाणीत उभारलेल्या स्वतःच्या संस्कृतीचा भाग म्हणून पाहिले. ज्येष्ठ-कनिष्ठ ही गावाकडची उतरंड त्यांनी नव्या जागी पुन्हा रचली, पोराला पुरुष करण्याची नवी रीत घडवली, असा त्यांचा रोख होता. झॅकी अचमत यांनी १९९३ मध्ये या दोघांनाही उत्तर दिले. पुढे एड्सच्या औषधांसाठी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या मोठ्या लढ्याचे ते नेते झाले. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा होता : कंपाउंड, बायकांचा अभाव, वधूमूल्याची गरज, ज्येष्ठांचा अधिकार ही सगळी कारणे देऊन झाली की मग इच्छेला जागाच उरत नाही. एका पुरुषाला दुसरा पुरुष हवासा वाटला, ही शक्यता मात्र कोणत्याच स्पष्टीकरणात बसत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण सापडले म्हणजे ती समजली असे होत नाही.

माझ्या मते नाटककाराला हा वाद उपयोगी आहे, कारण त्यात एकच बाजू घेता येत नाही. कारणे गाळली तर कंपाउंडची क्रूरता पुसली जाते. इच्छा गाळली तर समोरची माणसे व्यवस्थेची बाहुली होतात. इतिहासकाराला निबंधात कुठे तरी कौल द्यावा लागतो. रंगमंचावर चहाचा पेला पुढे करणारा हात एकाच वेळी नोकराचा, बायकोचा आणि प्रेमिकाचा असू शकतो.

३

दक्षिण आफ्रिकेच्या रंगभूमीला खाण नवी नाही. १९७८ मध्ये जंक्शन अॅव्हेन्यू थिएटर कंपनीने 'रँडलॉर्ड्स अँड रॉटगट' हे नाटक केले. चार्ल्स व्हॅन ऑन्सेलेन या इतिहासकाराच्या खाणमालक आणि दारूधंदा यांवरच्या निबंधातून ते उभे राहिले. संशोधनातला युक्तिवाद गाण्यांतून, विनोदातून प्रेक्षकांपर्यंत नेता येतो हे त्याने दाखवले. १९७९ च्या सुमारास मात्सेमेला मनाका यांचे 'एगोली' आणि माइशे मापोन्या यांचे 'द हंग्री अर्थ' ही दोन नाटके आली. शीर्षकातले 'एगोली' म्हणजे सोन्याचे शहर, जोहान्सबर्ग. वसतिगृह, साखळ्या, अपघात, भूक यांचे हे नाट्य वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा भाग होते. 'एगोली'त दोनच पुरुष पात्रे आहेत. त्यांची शरीरे घामाने, श्रमाने, वेदनेने भरलेली आहेत. पण रोख कायम शोषकाकडे आहे. दोघांमधल्या जवळिकीचा अर्थ सोबती, साथी, भाऊ असा लागतो, आणि त्या काळात तोच लागणे स्वाभाविक होते. लढणाऱ्या समाजाने आपल्या कामगाराचे चित्र ताठ मानेचे काढले. त्या चित्रात 'बायको' झालेला पोरगा बसणारा नव्हता.

या संदर्भात 'द आयलंड' हे नाटक पुन्हा पाहावे असे मला वाटते. अथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून ते १९७३ मध्ये केपटाऊनला उभे केले. रॉबेन बेटावरच्या एका कोठडीत जॉन आणि विन्स्टन हे दोन कैदी आहेत. तुरुंगातल्या कार्यक्रमासाठी ते 'अँटिगॉनी'तला खटल्याचा प्रवेश बसवत आहेत. विन्स्टनला अँटिगॉनी व्हायचे आहे. तो केसांचा टोप चढवतो, खोटी छाती बांधतो आणि जॉन हसत सुटतो. विन्स्टन संतापतो. आपण पुरुष आहोत, उद्या सगळे कैदी आपल्याला हसतील, म्हणून तो भूमिका नाकारतो. शेवटी तो ती करतो, आणि अखेरच्या क्षणी टोप काढून फेकून स्वतःच्या नावाने बोलतो.

हा प्रवेश नेहमी प्रतिकाराचा म्हणून वाचला जातो, आणि तो आहेच. पण फिलेमोनच्या आठवणीतली कापडी छाती शेजारी ठेवली की त्यात आणखी काही दिसू लागते. विन्स्टनची भीती आकाशातून पडलेली नाही. बंदिस्त जागेतल्या पुरुषाने बाईचे कपडे घातले की त्याचा अर्थ काय लावला जातो, हे त्याला, त्याच्या सोबत्यांना आणि नाटक पाहणाऱ्या अनेकांना ठाऊक होते. जॉनच्या हसण्यात ते ठाऊक असणे आहे. नाटक त्या जाणिवेवर उभे आहे आणि तिचे नाव घेत नाही. टोप फेकून दिल्यावर विन्स्टन पुन्हा 'पुरुष' होतो आणि मगच त्याचे बोलणे वीराचे होते. खाणीतल्या संध्याकाळी मात्र तशीच छाती बांधलेला माणूस ती फेकून न देता नाचत होता.

४

१९९४ नंतर चित्र बदलले. १९९६ च्या राज्यघटनेने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९९७ मध्ये जोहान्सबर्गमध्ये समलैंगिकांच्या इतिहासासाठी स्वतंत्र अभिलेखागार सुरू झाले. त्या अभिलेखागाराच्या तोंडी आठवणींच्या कामातून रॉबर्ट कोलमन यांनी १९९८ मध्ये 'आफ्टर नाइन्स' हे नाटक कलाकारांसह उभे केले. दिवसा संसारी आणि रात्री नऊनंतर पुरुषांच्या शोधात निघणाऱ्या माणसाला टाउनशिपच्या बोलीत 'आफ्टर नाइन' म्हणतात. शीर्षकातच एका समाजाचे जाणते मौन आले आहे : सगळ्यांना वेळ माहीत आहे, नाव कोणी घेत नाही.

जॉन ग्रेसन आणि जॅक लुईस यांचा 'प्रोटियस' (२००३) हा चित्रपट रंगभूमीच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे. रॉबेन बेटावरच्या दोन कैद्यांना, एक खोईखोई आणि एक डच, परस्परसंबंधांवरून १७३५ मध्ये बुडवून मारण्यात आले. त्या खटल्याच्या नोंदीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शकांनी त्यात १९६० च्या दशकातल्या वेषातल्या लघुलेखिका आणल्या. साक्षीतल्या शब्दांचे भाषांतर कसे करायचे यावर त्या अडतात. प्रेक्षकाला दोन माणसांची गोष्ट दिसते आणि ती गोष्ट लिहून घेणारा हातही दिसतो. खाणीतल्या लग्नांवरच्या नाटकाला हा धडा घेता येईल. १९०७ चा अधिकारी, जुनो यांचे परिशिष्ट आणि टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला संशोधक हे तिघेही पात्रे म्हणून मंचावर यायला हवेत. आपल्याला हे कसे कळले, हाही त्या कथेचाच भाग आहे.

याउलट, सायमन न्कोली यांच्यावर फिलिप मिलर यांनी केलेली संगीतिका २०२३ मध्ये आली. तिच्याजवळ एक नाव होते. न्कोली वर्णभेदविरोधी खटल्यात तुरुंगात असताना सहआरोपींपुढे समलैंगिक म्हणून उभे राहिले आणि १९९० च्या जोहान्सबर्गच्या पहिल्या अभिमान मोर्चाचे ते एक प्रमुख आयोजक होते. त्यांच्या आयुष्याला चढण आहे, संकट आहे, जाहीर उच्चार आहे. खाणीतल्या पोराजवळ यातले काही नाही. त्याने कधी स्वतःला वेगळ्या जातीचा माणूस मानल्याचे दिसत नाही, आणि त्याच्या कथेचा शेवट बहुधा गावच्या लग्नात होतो. त्याला न्कोलींचा पूर्वज म्हणून मंचावर उभे करणे हा मोह समजण्यासारखा आहे, पण तो त्याच्या तोंडी उसने शब्द घालतो.

हा मोह का होतो, याचे कारण राजकीय आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये हरारेच्या पुस्तक मेळ्यात झिम्बाब्वेचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी समलैंगिकांना जाहीरपणे हिणवले. हे सगळे गोऱ्यांनी आणलेले, आफ्रिकेबाहेरचे आहे, हा सूर तेव्हापासून अनेक देशांतल्या पुढाऱ्यांनी धरला. त्याला उत्तर म्हणून कोणी 'हे पाहा, आमच्या आजोबांचेही असेच होते' म्हणून खाणीकडे बोट दाखवतो. मार्क एप्रेख्त यांचा 'हुंगोचानी' (२००४) हा इतिहासग्रंथ याच वादाच्या सावलीत लिहिला गेला. गंमत अशी की, १९०७ चे साक्षीदारही एकमेकांकडे बोट दाखवत होते. कोणी म्हणे शांगान आणतात, कोणी म्हणे पूर्व किनाऱ्यावरचे आणतात. 'हे आपले नव्हे, त्यांचे' हा जुना सूर आहे. 'हे आपलेच' असे उलट उत्तर दिले की तोच प्रश्न कायम राहतो. नाटकाने त्या वादात पुरावा म्हणून हजर व्हावे असे मला वाटत नाही.

५

मग असे नाटक कसे असावे? मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली, त्यात काम दिसले पाहिजे. हे लग्न शेजेपेक्षा घरकामात अधिक वेळ राहत होते. धुणे, इस्त्री, चहा, पगाराच्या दिवशीचा हिशेब, कोणाला किती द्यायचे यावरची घासाघीस, जमिनीखाली मुकादमाने कोणाला धोक्याच्या जागी पाठवायचे याचा निर्णय, या गोष्टींतून नाते घडत होते आणि बिघडत होते. जबरदस्तीही याच गोष्टींत होती. मुकादमाला नकार देणाऱ्या पोराच्या वाट्याला खालचे काम अवघड येई. व्हॅन ऑन्सेलेन यांनी नोंगोलोझा मॅथेबुला या टोळीनायकाचे चरित्र लिहिले. त्याच्या दरोडेखोर टोळीत आणि पुढे तुरुंगांत धाकट्यांना 'बायका' करून ठेवण्याची रीत अधिक कठोर रूपात दिसते. खाण आणि तुरुंग एक नव्हेत, पण त्यांच्यातली वाट फार लांबची नव्हती. प्रेमकथा हवी म्हणून हा भाग धुऊन काढणे अप्रामाणिक होईल. जबरदस्ती होती म्हणून फिलेमोनच्या आठवणीतला आनंद खोटा ठरवणेही तितकेच अप्रामाणिक होईल.

दुसरी, दोन नाचांतला फरक. खाणींवर रविवारी मजुरांचे नाच होत आणि ते पाहायला गोरे लोक, पुढे पर्यटक येत. ह्यू ट्रेसी यांनी १९५२ मध्ये या नाचांवर पुस्तक काढले, आणि त्याआधी एका खाणीवर नाचासाठी खास अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृहही बांधले गेले होते. जमातवार गट, पारंपरिक वेष, ढाली, शिट्ट्या : परक्या डोळ्यांना हवी असलेली आफ्रिका तिथे दाखवली जाई. गमबूट घालून केलेला नाच आज जगभर 'खाणीचा नाच' म्हणून मंचावर येतो, त्याचे नाते या परंपरेशी आहे. फिलेमोनने सांगितलेला संध्याकाळचा नाच मात्र नाचणाऱ्यांचाच होता. पाहणारे आणि नाचणारे एकाच खोलीतले होते. खाणीवर अशी दोन रंगपीठे होती. आजच्या दिग्दर्शकाने दुसऱ्या नाचाला पहिल्याच्या जागी आणून बसवले, तर तो ट्रेसींच्या प्रेक्षागृहाचेच तिकीट विकत असतो. प्रेक्षकाला बाहेरचा पाहुणा न ठेवता खोलीतला सोबती कसे करायचे, ही या नाटकाची खरी अडचण आहे. प्रेक्षकांना चारी बाजूंनी बसवणे, त्यांच्यापैकी कोणाला चहा देणे, लग्नाच्या मेजवानीत सामील करून घेणे, अशा साध्या उपायांनी सुरुवात करता येईल. ज्याला मेजवानीत वाढले गेले त्याला नंतर साक्षीदार म्हणून बोलावले, तर त्याच्या अंगावर काटा येईल. तिथे १९०७ चा अधिकारी मंचावर यावा.

तिसरी, गावची बायको. या विषयावरच्या बोलण्यातून ती सहज गळते, कारण सगळ्यांचे लक्ष कंपाउंडकडे असते. न्दात्शे यांनी पोंडो बायकांशी केलेल्या बोलण्यातून कळते की, त्यांतल्या अनेकींना हे ठाऊक होते. त्यांना खरी धास्ती होती शहरातल्या बाईची. तिच्या नादी लागलेला नवरा पैसे पाठवायचा थांबे आणि गावाला कायमचा पाठमोरा होई. खाणीतला पोरगा नवऱ्याला परत पाठवत होता. शहरातली बाई ठेवून घेत होती. या हिशेबात मत्सर कुठे असेल, दुःख कुठे असेल, सुटकेचा निःश्वास कुठे असेल, हे कोणत्याही अहवालात नाही. जिच्या लोबोलासाठी एका पोराने दोन वर्षे कोणाची तरी बायको होऊन काढली, त्या मुलीला ते कधी कळले असेल का? कळल्यावर तिने घरात त्याला चहा कसा दिला असेल? नाटक इथे सुरू होते असे मला वाटते. दोन 'बायका', एक खाणीतली आणि एक गावातली, मंचाच्या दोन टोकांना एकच काम करत आहेत, आणि दोघींच्या श्रमावर सोन्याचा भाव टिकून आहे.

६

मराठी वाचकाला हे वाचताना गिरणगावातली, पाळीपाळीने माणसे झोपणारी गाळ्यांतली बिऱ्हाडे आणि खानावळी आठवणे साहजिक आहे. साम्य ताणू नये, कारण गिरणी कामगाराच्या दारावर पहारा नव्हता. तुलना करायची तर नाटकांची करता येईल. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'ने (१९८१) समलिंगी आकर्षणाला मराठी मंचावर गंभीर जागा दिली. ती एकट्या मित्राची शोकांतिका आहे, तिचा शेवट मृत्यूत होतो. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने (१९९७) गिरण्या बंद पडल्यानंतरच्या कामगार कुटुंबाची पडझड दाखवली. आपल्याकडे पहिला विषय एकट्या, बहुधा सुशिक्षित व्यक्तीचा झाला आणि दुसरा कुटुंबाचा. श्रमिकांच्या समूहात, सगळ्यांच्या देखत, नियमांनी बांधलेले असे नाते कसे दाखवायचे, याचा नमुना या दोन्हीत नाही. म्हणूनही खाणीतल्या लग्नांकडे आपल्या नाट्यविचाराने लक्ष द्यावे.

भाषांतराचा प्रश्नही तिथेच येतो. 'न्कोन्त्शाना'ला मराठीत काय म्हणायचे? 'बायको' म्हटले तर प्रेक्षक हसण्याचा धोका आहे. 'समलैंगिक जोडीदार' म्हटले तर फिलेमोन ओळखणार नाही असा माणूस उभा राहतो. मूळ शब्द तसाच ठेवावा आणि त्याचा अर्थ कामातून, हाकेतून, हिशेबातून प्रेक्षकाला हळूहळू कळू द्यावा, हे मला बरे वाटते. खाणीत आलेल्या नव्या पोरालाही तो तसाच कळला असणार. खाणीत फानागालो नावाची मिश्र बोली चाले, ती हुकूम देण्याघेण्यासाठी घडली होती. जमिनीखाली ती, खोलीत आपापली भाषा, आणि चौकशीत इंग्रजी : एवढा भाषाभेद ऐकू आला तरी निम्मे नाटक उभे राहील.

१९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथली भरती झपाट्याने घटली. १९८२ मध्ये कामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९८७ मध्ये सुमारे तीन लाख कामगारांनी तीन आठवडे संप केला. खाणींजवळ झोपडवस्त्या वाढल्या, बायका जवळ येऊन राहू लागल्या आणि खाणीतली लग्ने मागे पडत गेली. मूडी यांच्या मांडणीत ती मागे पडण्याचे श्रेय चौकशांना नाही, गावाशी असलेले नाते तुटत गेल्याला आहे. ज्यांनी ती लग्ने केली ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिची नातवंडे त्याच गावांत आहेत. उद्या हे नाटक झाले तर ते जोहान्सबर्गच्या नाट्यगृहापुरते न राहता त्या गावांतही जायला हवे. तिथल्या पहिल्या रांगेत एखादी म्हातारी बसलेली असेल आणि तिला त्यातले काही नवीन वाटणार नाही. तिच्यासमोर काय उघड करायचे, यापेक्षा तिला काय विचारायचे, हे नाटकवाल्यांनी आधी ठरवायला हवे.